चार नंबरचं वळण

जाकीट सात नंबरचं होतं आणि आतला माणूस उकंडा होता. माईकशी वाकलेल्या जया मनवरला ते दिसलं आणि "चौथा गट तयार" यातला 'तयार' तिच्या घशातच राहिला. बाकी काही झालं नव्हतं. कोणी पडलं नव्हतं, कोणी कोणाच्या अंगावर गेलं नव्हतं, पुसदच्या बाहेरच्या त्या बंद पडलेल्या जिनिंगच्या पटांगणात फेब्रुवारीचं ऊन काल होतं तसंच आजही होतं. जिनिंगचा राखणदार उकंडा चार नंबरच्या वळणावर गुडघ्यांवर हात टेकून तयारीत उभा होता, आणि त्याच्या छातीवर बंटीचा नंबर होता. खुद्द बंटी, म्हणजे जिनिंगचे मालक सदाशिवराव यांचे चिरंजीव, वय अडतीस, दोन लेकरांचा बाप आणि तरी बंटीच, मंडपात पंख्यासमोर बसून रुमालानं मान पुसत होता. सवय वाईट. जयाबाईचं बोट आपोआप बटनावर गेलं, भोंगा वाजला आणि दहा गाड्या माती उडवत सुटल्या. पाच मिनिटांची शर्यत. म्हणजे पाच मिनिटं तिला कोणी काही विचारणार नव्हतं. जे काय विचारायचं ते तिचं तिलाच.

खेळ पाहायला पोरकट. हातभर लांबीच्या गाड्या, खऱ्या शर्यतीच्या गाडीची हुबेहूब पिल्लं, बॅटरीवर पळणारी. आणि चालवणारे दहा जण एका मचाणावर ओळीनं रिमोट धरून उभे. शर्यत संपेपर्यंत मचाणावरून उतरायचं नाही हा कायदा. गाडी दूर कुठंतरी उलटली आणि चारही चाकं आभाळाकडं करून फिरायला लागली की तिचा मालक वरून नुसता पाहत राहतो. त्या क्षणी त्याच्याइतका लाचार माणूस अख्ख्या तालुक्यात सापडायचा नाही. मग वळणावर उभा असलेला दुसरा कोणी धावतो, वाकतो, गाडी सरळ करतो. हा दुसरा कोण? तर ज्याची स्वतःची शर्यत आत्ताच संपली तो, आपल्या नंबराचं जाकीट घातलेला मार्शल. पहिला गट दुसऱ्यासाठी उभा राहतो, दुसरा तिसऱ्यासाठी, तिसरा चौथ्यासाठी आणि चौथा पुन्हा पहिल्यासाठी. यात नोकर नाही की चाकर नाही. मोठ्यातला मोठा गाडीवाला असला तरी पाच मिनिटं मातीत उभा राहतोच, आणि नाही राहिला तर त्याची सगळ्यात चांगली फेरी कापून टाकतात. नियमांच्या कागदावर ही ओळ अकरावी होती. काल सकाळी ती जयाबाईनंच माईकवरून वाचली होती, एकोणीस वर्षं पुसदच्या बसस्थानकावर गाड्या पुकारल्या त्याच सपाट आवाजात, ज्या आवाजावर कोणी रागावूही शकत नाही आणि लाडही करू शकत नाही. निवृत्त झाल्यावर त्या आवाजाचं काय करायचं हा प्रश्न पडला होता, तो सदाशिवरावांनी तीन वर्षांपूर्वी सोडवला. "मॅडम, तुमच्यासारखं पुकारणारं कोणी नाही," असं ते म्हणाले होते आणि ते तिला आवडलं होतं. हीसुद्धा नोंद घ्यायला हवी. तिनं ती घेतली.

नोंदी घ्यायचं तिचं वेड त्या बसस्थानकाच्या खिडकीतलंच. कोण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतं, कोण सात वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन पाच वर्षांचा करतं, कोण गाडी सुटल्यावरच धावायला लागतं. सगळी माणसं तिच्या डोक्यात रकान्यांत बसलेली. या स्पर्धेला सात पाहुणे आले होते, चार देशांतून, त्यांचेही रकाने दोन दिवसांत भरले होते. ते पुसदला का आले, तर मातीसाठी. पन्नास वर्षं कापसाच्या बैलबंड्यांनी तुडवून तुडवून घट्ट केलेलं हे पटांगण बंटीनं मोबाईलवर जगाला दाखवलं, आणि अशी जमीन बनवून मिळत नाही हे जगाला त्याच्याआधी कळलं. पाहुणे सदाशिवरावांच्याच घरी उतरले. विमलताईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, न्हाणीघरात कागदाच्या गुंडाळ्यांचा असा मनोरा रचला की पहिल्या दिवशी तो मोडायची कोणाची हिंमत झाली नाही. येताना सगळ्यांना कळंबला चिंतामणीचं दर्शन घडवलं. जेवायला उकडलेले बटाटे आणि फिकं वरण. थायलंडहून आलेली नोई, जी पेशानं दातांची डॉक्टर, ती मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली, गड्यांसाठी केलेला ठेचा-भाकर मागून खाल्ली आणि वर तिखट जरा कमी पडलं म्हणून सांगून गेली. विमलताईंनी तो वार हसून झेलला, पण पुढच्या ठेच्यात मिरच्या मोजल्या नाहीत.

आणि मग कालची ती गंमत, जी फक्त आपल्याकडंच होऊ शकते. दुसऱ्या गटानंतर यारोस्लाव, झेक देशातला साठी ओलांडलेला लांबलचक म्हातारा, जाकीट घालून लंगडत वळणाकडं निघाला, तर सदाशिवरावांच्या काळजाचं पाणी झालं. "पाव्हणा आहे तो, मॅडम! त्यानं आपल्या पोरांच्या गाड्या वाकून उचलाच्या अन् आपण खुर्चीत बसून पाह्याचं? मले पाणी गोड नाही लागनार." ते मनापासून बोलत होते, त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्यांनी स्वतः हात जोडून म्हाताऱ्याच्या अंगातलं जाकीट उतरवलं, ते उकंडाला दिलं, म्हाताऱ्याला छत्रीखाली बसवून हातात शहाळं दिलं. म्हातारा पांढराफटक पडला. त्याच्या देशात जाकीट काढून घेतलं म्हणजे नाव कापलं. अर्धं शहाळं कसंबसं पिऊन तो उठला आणि खोक्यात गाडी भरायला लागला. त्याचं इंग्रजी जयाबाईच्या इंग्रजीइतकंच मोडकं, म्हणून तिलाच ते नीट समजलं: बाई, माझं काय चुकलं? अर्धा तास गेला त्याची समजूत काढण्यात. त्यानंतर पाहुणे आपली जाकिटं छातीशी धरूनच बसत, कोणी मानानं काढून घेईल या धाकानं. तेव्हा आजचं चित्र असं होतं की उन्हात पाहुणे आणि सावलीत यजमान. आत्ता तिसऱ्या गटात बंटीची गाडी उलटली तेव्हा ती यारोस्लावनंच उचलली होती, दुखरा गुडघा हातानं दाबत. बंटीला त्या फेरीत चौदा चक्कर मिळाले होते. तो दुसऱ्या नंबरवर होता.

चार नंबरच्या वळणावर नोईची गाडी उडाली. जमिनीला टेकायच्या आत उकंडानं ती हवेतच झेलली, सरळ ठेवली आणि मागच्या गाडीच्या वाटेतून उडी मारून बाजूला झाला. मचाणावरून नोई ओरडली, थाई भाषेत, पण शाबासकी होती हे कुत्र्यालाही कळलं असतं. बंटीला हे सात जन्मांत जमलं नसतं. मग बिघडलं कुठं? शर्यत नीट चाललीय, गाडीवाले खूश, उकंडा खूश, बंटीच्या पाठीला वारा. जयाबाईच्या जिभेवर एक चव आली, धुळीची आणि ओल्या केरसुणीची. फुलसावंगीच्या शाळेत भिंतीवर एक तक्ता असायचा, वर्ग झाडायच्या बारीचा. मुलींची नावं, पुढं चौकोन. झाडलं की गुरुजी टिक करत. विमल देशमुखच्या बारीला जया झाडायची. कोणी सांगितलं नव्हतं, हीच त्यातली मेख. बदल्यात विमल तिला कंपासपेटी वापरायला द्यायची आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांदेखत तिचा हात धरून फिरायची. जयाचे आजोबा छप्पन साली नागपूरहून परतले ते गावकीची सगळी कामं तिकडंच सोडून आले होते. मेलेलं ढोर ओढायला बोलावणं आलं तेव्हा दार लावून घेऊन आतून मोठ्यानं गात बसले होते, असं बाप भीमराज प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. आणि त्या आजोबांची नात एका कंपासपेटीसाठी दर गुरुवारी दुसऱ्याची बारी आनंदानं झाडत होती. झाडण्याचं तिला तेव्हाही काही वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. घरं सगळीच झाडावी लागतात. आठवते ती टिक. ती उभी असायची हातात केरसुणी घेऊन, केसांत धूळ, आणि गुरुजी तिच्याकडं पाहत पाहत विमलच्या नावापुढं टिक करायचे. वर्षाच्या शेवटी स्वच्छतेचं बक्षीस विमलला मिळालं. जयानं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा आवाज पुढं कधीतरी, बसस्थानकाच्या खिडकीत, काही कारण नसताना तिच्या तळहातांतून यायचा आणि ती हात पदराला पुसायची. विमल देशमुखची पुढं विमलताई झाली, जिनिंगवाल्यांच्या घरात आली, आणि चारचौघांत 'मॅडम' म्हणत असली तरी एकटीला भेटली की अजून 'जये'च म्हणते. आणि या तीन वर्षांत पुसदमध्ये झालेल्या शर्यतींत बंटीच्या जागी उकंडा किती वेळा उभा राहिला? तिनं मोजलं. प्रत्येक वेळी. आणि दर वेळी सात नंबरपुढं हजेरीची टिक कोणी केली? पेन तिच्याच हातात होतं.

भोंगा वाजला. शर्यत संपली होती आणि समोरच्या कागदावर सात नंबरपुढचा हजेरीचा चौकोन रिकामा होता. जयाबाईनं त्यात फुली मारली.

फुली मारायला क्षण पुरला; बातमी मंडपात पोचायला तेवढाही लागला नाही. आधी आला उकंडा, जाकीट अंगातच. "बाई, माह्यासारखी गाडी उचलते का कोणी इथं? त्या डाक्टरीनबाईची तं अधांतरी पकडली मी. मले काहून हाकलून राह्यले?"

"तुले नाही रे हाकलत. तू तुह्या नावानं उभा राह्य, मी सगळ्याच्या आधी तुले पुकारते. त्याच्या नावानं नको."

"माह्या नावानं कोन उभं करते जी?" उकंडा म्हणाला, जाकीट काढून तिच्या टेबलावर ठेवलं आणि गेला. या प्रश्नाची बाकी तिनं स्वतःच्याच नावावर टाकली.

मग यारोस्लाव आला, मागं नोई आणि आणखी दोघं, चेहऱ्यांवर ते पाहुण्यांचं मऊ हसू. मॅडम, असू द्या, तो म्हणाला. आम्ही त्यांच्या घरी झोपतो, त्यांचं खातो. आमची काही तक्रार नाही. जयाबाईला त्या म्हाताऱ्याचा मनापासून राग आला. काल याच माणसाचं जाकीट काढलं तर हा सामान बांधायला निघाला होता, आणि आज दुसऱ्याच्या वाकण्याचं औदार्य वाटायला बसला. "यू स्लीप इन हिज हाउस," ती म्हणाली, "यू नॉट ड्राइव्ह इन हिज हाउस." म्हाताऱ्यानं त्यावर बराच विचार केला आणि मग गुडघा चोळत खाली बसला.

विमलताई आल्या त्या पाण्याचा तांब्या घेऊन, म्हणजे भांडायला. "जये, काय लावलं हे? उकंडा काय आज पह्यल्यांदाच उभा राह्यला का?"

"नाही ना. म्हणून तर."

"तिकडून एवढे लोकं आले अन् तू माह्या पोराचं नाक कापतं त्यायच्यासमोर?" त्यांनी आवाज खाली आणला. "शाळेत तर तूच माह्यी बारी झाडत होती. कोणी बळजबरी केली नव्हती. तवा तर काही बोलली नाही."

"हाव," जयाबाई म्हणाली. "तवाचंबी आत्ताच बोलून राह्यली मी."

विमलताई तांब्या टेबलावर ठेवायला विसरून तशाच घेऊन परत गेल्या. सदाशिवराव मात्र बसले, सावकाश, मालकासारखे. "मॅडम, ही जागा कोणाची आहे?"

"तुमची."

"हा मांडव?"

"तुमचा."

"तुमच्या हातातला माईक?"

"तोबी तुमचाच."

"मंग?"

"कागद सगळ्यायचा आहे, सदाशिवराव. अन् खाली पह्यली सही तुमची आहे." तिनं माईक तोंडाशी नेला. आवाज तोच निघाला, फलाटावरचा. तिला स्वतःला वाटलं होतं थोडा तरी थरथरेल. "सूचना. गाडी नंबर सात. नंतरच्या गटासाठी हजर न राहिल्यामुळं दुसरी फेरी रद्द. सात नंबर आता चौदाव्या स्थानावर. दहाव्या स्थानावर देवीलाल, फुलसावंगी." अंतिम शर्यत दहा जणांचीच होती. फुलसावंगीला मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा आणि जुन्या सुट्या भागांतून गाडी जुळवून आणलेला देवीलाल खाली मान घालून, दात घासायच्या ब्रशनं चाकं साफ करायला लागला. मंडपातून कोणीतरी ओरडलं, "देवीलालनं मॅडमचा मोबाईल फुकट बनवून देल्ला वाट्टे!" हशा पिकला. हशा पुरा होऊ देऊन जयाबाई माईकवर म्हणाली, "मॅडमच्या मोबाईलची काच फुटलेली आहे, या आणि पाहून जा. तिसरी फेरी, पहिला गट."

तिसरी फेरी बंटी असा पळाला की मचाणावरच्या बाकीच्यांनी मधूनमधून स्वतःच्या गाड्या सोडून त्याचीच पाहिली. एकदाही उलटला नाही. पंधरा चक्कर. दोन दिवसांत कोणाचेच पंधरा झाले नव्हते. जयाबाईनं ते त्याच आवाजात पुकारलं: सात नंबर, पंधरा चक्कर, स्थान पहिलं. मंडप नाचला. आणि तिलाही, खोटं कशाला, छातीत काहीतरी उसळल्यासारखं झालं. पुसदच्या मातीत पुसदचा पोरगा. आता त्याला कोणाची मेहरबानी नको होती. त्याला फक्त पाच मिनिटं उभं राहायचं होतं, चार नंबरच्या वळणावर. नाही राहिला तर हे पंधराही गेले.

चौथा गट मचाणावर चढला. देवीलाल त्यात होता, नोई होती. नऊ वळणांवर नऊ जण जाकिटं घालून उभे राहिले. चार नंबर रिकामं. बंटी पंख्यासमोर पाय लांब करून बसला होता, मोबाईल पाहत, आणि सगळ्यांना दिसेल असा पाहत. वळण रिकामं असलं तर शर्यत सुटत नाही, हीही ओळ कागदावर होती. जयाबाईला दुसरं कोणी उभं करून शर्यत सोडता आली असती, नंतर पुन्हा फुली मारता आली असती. कापणं सोपं होतं. पण तिला आता कापायचं नव्हतं. तिला तो तिथं उभा पाहिजे होता, स्वतःच्या नंबरात स्वतः. "चार नंबरला मार्शल नाही," ती म्हणाली. "आपण थांबलेलो आहोत." तीन मिनिटं गेली. मचाणावर गाडीवाल्यांचे अंगठे घामानं निसटायला लागले. कोणीतरी शिट्टी घातली. कोणीतरी तिला उद्देशून असं काही बोललं जे तिनं लहानपणी शेवटचं ऐकलं होतं, आणि बोलणारा लगेच माणसांमागं सरकला. तिनं मान वळवली नाही. आवाज ओळखीचा होता, रकाना तयार होता.

मग सदाशिवराव उठले. टेबलावरचं सात नंबरचं जाकीट त्यांनी उचललं, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर चढवलं आणि सहासष्ट वर्षांचा तो माणूस चपला काढून, अनवाणी, तापलेल्या मातीतून एकटा चार नंबरच्या वळणाकडं चालत गेला. तिथं जाऊन त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले. आधी यारोस्लावनं टाळी वाजवली, मग सगळ्या पाहुण्यांनी, मग मंडपानं. मोबाईल वर झाले. विमलताईंनी पदर डोळ्यांना लावला. दृश्य सुंदर होतं. जयाबाईच्याही डोळ्यांत पाणी आलं, तळहात आपोआप एकमेकांकडं निघाले, टाळीसाठी. आणि तिनं ते टेबलावर दाबून धरले. बापानं मुलाची बारी घेतली होती. राखणदारानं घेतली काय आणि मालकानं घेतली काय, पंख्यासमोरचा माणूस पंख्यासमोरच होता. टाळ्या अजून चालू होत्या. इतक्या टाळ्यांत बोलायचं म्हणजे लग्नात अक्षता पडताना बोलण्यासारखं. ती बोलली.

"सदाशिवराव, जाकीट काढा. तुम्ही नाही. सात नंबर."

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. कोपऱ्याकोपऱ्यानं विझत गेल्या. सदाशिवराव तसेच वाकलेले राहिले, आपल्याला ऐकू आलं नाही असे. "बाई, मी सोता आलो ना," ते म्हणाले, माईक नसून सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुम्ही आले, तुमचे उपकार. पण बारी तुमची नाही."

यारोस्लाव उठून उभा राहिला, काही बोलणार होता. शेजारच्या पाहुण्यानं त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं. मग खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला. बंटी आला, भरभर, कोणाकडं न पाहता, बापाच्या अंगातलं जाकीट त्यानं ओढूनच काढलं, बापाला दंडाला धरून मातीबाहेर नेलं, चपलांपाशी सोडलं, आणि परत येऊन चार नंबरच्या वळणावर हाताची घडी घालून उभा राहिला. छाती पुढं, नजर थेट जयाबाईवर. उभा आहे, बघ. कागदात उभं राहायचं लिहिलंय.

तिनं भोंगा वाजवला. दहा गाड्या पहिल्या सरळीत गुरगुरत गेल्या, एक, दोन, तीन नंबरची वळणं पार झाली, आणि चार नंबरच्या उंचवट्यावरून देवीलालची जुळवाजुळवीची गाडी जरा जास्तच उडाली. कोलांटी खाऊन ती बंटीच्या पायाशी येऊन पडली, पोट वर, चारही चाकं सुसाट फिरत. मचाणावर देवीलालनं रिमोट छातीशी धरला. बंटीनं गाडीकडं पाहिलं. घडी सोडली नाही. मग मान वर करून त्यानं जयाबाईकडं पाहिलं, तिनंही त्याच्याकडं पाहिलं, एक सेकंद, दोन, तीन, पाच, सगळं पटांगण त्या फिरत्या चाकांकडं बघत होतं, आणि तिनं माईक ओठांशी आणला.

"चार नंबर," ती म्हणाली, "गाडी उलटी आहे. उचला."